'खुकरी'वरची माणसं

सोमनाथ-द्वारकेच्या सहलीला निघालेल्या गाड्या बहुतेक करून दीवला एक मुक्काम करतात. तुमच्यापैकी पुष्कळ जणी जाऊनही आल्या असाल. पोर्तुगीजांचा किल्ला झाला, नागव्याचा किनारा झाला, गंगेश्वराच्या पिंडींवर येणाऱ्या लाटांना नमस्कार झाला, की गाडीवाला एका टेकडीपाशी थोडा वेळ थांबतो. टेकडीवर काचेच्या घरात एका जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर नुसता समुद्र. मंडळी फोटो काढतात, सूर्यास्त बघतात, पोरांना शेंगदाणे घेऊन देतात आणि 'चला, चला, उशीर होतोय' म्हणत गाडीत बसतात. ते जहाज कुठलं, तिथं का ठेवलंय, हे विचारायला सहलीत सवड कुणाला असते?

त्या जहाजाचं नाव 'खुकरी'. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री ते दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर बुडालं. त्याच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. स्वतंत्र भारतानं युद्धात गमावलेली ती एकच युद्धनौका. टेकडीवरचं स्मारक १९९९ सालचं. अलीकडे 'खुकरी' याच नावाचं दुसरं, खरंखुरं जहाजही दीवला दिलं गेलं आहे. त्याची गोष्ट पुढं सांगते.

मी एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. १९७१च्या युद्धाचा धडा आला की मुलांचा उत्साह बघण्यासारखा असतो. ४ डिसेंबरला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, म्हणून तो दिवस नौदल दिन, हे सांगितलं की वर्गात टाळ्या पडतात. त्यानंतर पाचव्या दिवशी काय झालं ते सांगितलं की वर्ग गप्प होतो. मला विचाराल तर दोन्ही सांगायला हवं. विजय तेवढा सांगायचा आणि त्याची किंमत गाळायची, हा हिशेब कुठल्याच घरात चालत नाही.

तर झालं असं. युद्धाच्या आधीपासूनच पाकिस्तानची 'हंगोर' नावाची पाणबुडी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत होती. फ्रेंच बनावटीची, नवी, दोनेक वर्षांचीच. पाणबुडीला अधूनमधून आपल्या मुख्यालयाला संदेश पाठवावे लागतात. ते संदेश आपल्या लोकांनी टिपले आणि ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ असल्याचा सुगावा लागला. तिला शोधून बुडवायला ८ डिसेंबरला मुंबईहून 'खुकरी' आणि 'किरपाण' निघाल्या. तिसरी बहीण 'कुठार'. खुकरी, कृपाण, कुऱ्हाड, तिन्ही पात्यांची नावं! पण 'कुठार'च्या बॉयलरमध्ये बिघाड झाला होता, ती मुंबईतच राहिली. या तिघी इंग्लंडमध्ये बांधलेल्या, पाणबुड्या शोधण्यासाठीच केलेल्या. 'खुकरी' १९५८ साली आपल्या नौदलात आली. म्हणजे ७१ साली ती तेरा वर्षांची झाली होती, आणि तिच्यावरची यंत्रसामग्री तिच्याच वयाची होती.

पाणबुडी शोधायची कशी? आपण विहिरीत 'ओ' दिली की आवाज फिरून येतो ना, तसंच. जहाजाच्या तळाखालून पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशावर तरी आपटून परत येतो का, ते कान देऊन ऐकायचं. याला सोनार म्हणतात. पण समुद्राचं पाणी विहिरीसारखं एकसारखं नसतं. वर ऊन, खाली गार, असे त्याचे थर असतात आणि त्या थरांवरून आवाज वाकतो. खाली बसलेल्या पाणबुडीला वरच्या जहाजाची चाहूल लांबून लागते, वरच्याला मात्र तिचा पत्ता नसतो. 'खुकरी'च्या सोनारचा पल्ला 'हंगोर'पेक्षा कमी होता, हे आपल्या लोकांना ठाऊक होतं. म्हणूनच हा पल्ला वाढवणाऱ्या एका नव्या उपकरणाचा प्रयोग त्या वेळी जहाजावर चालला होता. ते उपकरण तयार करणारा तरुण लेफ्टनंट स्वतः जहाजावर होता. प्रयोगासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागे, कारण वेग वाढला की स्वतःच्याच आवाजात तो बारीक प्रतिध्वनी बुडून जातो. आणि हळू चालणारं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सापडलेलं सावज. त्या प्रयोगासाठी असा धोका पत्करायला हवा होता का, यावर नौदलातल्या जाणत्या लोकांनीही पुढं मतभेद दाखवले आहेत. वाचलेल्यांपैकी काहींनी तर उघडपणे प्रश्न विचारले. माझ्यासारखीनं त्यात निवाडा देऊ नये. पण तो तरुण मुलगा आपलं यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊन किनाऱ्यावर थांबला नाही, हे मला विसरता येत नाही. तोही परत आला नाही.

रात्री पावणेनऊ-नऊचा सुमार. 'हंगोर'चा पहिला टॉर्पेडो 'किरपाण'वर सुटला आणि न फुटता खालून निघून गेला. दुसरा 'खुकरी'ला लागला. जहाज एका अंगाला कललं, अंधार झाला. एवढं मोठं जहाज, पण पुरतं बुडायला काही मिनिटं लागली. मी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं, तेवढ्या वेळात आपला चहासुद्धा होत नाही. आता विचार करा. अडीचशेवर माणसं. काही वर डेकवर, पण बरीचशी खाली, इंजिनापाशी, बॉयलरपाशी, आपापल्या जागेवर. वर यायला अरुंद शिड्या आणि झडपांची दारं. कललेल्या जहाजात शिडी भिंत होते आणि भिंत जमीन. खाली असलेल्यांना वर येता आलं नाही, ते का, हे निराळं सांगायला नकोच.

या जहाजाचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. गोरखपूरचा जन्म, काश्मिरी पंडितांचं घराणं, वय ४५. जहाज सोडण्याचा हुकूम त्यांनीच दिला. माणसांना बाहेर काढण्याचं काम ते शांतपणे करत राहिले. स्वतःचं जीवरक्षक जाकीट त्यांनी एका नाविकाला दिलं. जेवढ्यांना सोडता येईल तेवढ्यांना पाण्यात सोडून ते परत जहाजाच्या ब्रिजवर गेले, अजून कुणाला काढता येतंय का बघायला. तिथंच ते शेवटचे दिसले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं आणि त्या वेळी सरकारनं जी नोंद केली, तिच्यातलंच हे मी माझ्या शब्दांत सांगते आहे.

'किरपाण' मात्र तिथं थांबली नाही. थांबली असती तर तीही गेली असती, कारण पाणबुडी खाली होतीच. शत्रूची पाणबुडी जवळ असताना माणसं उचलायला जहाज थांबवायचं नाही, हा लढाईतला नियम आहे, आणि नियम म्हणून तो बरोबरही असेल. पण पाण्यात असलेल्या माणसांच्या बाजूनं बघा. डिसेंबरची रात्र, अंगावर जहाजातलं तेल, भोवती काळोख. कुणी तराफ्यावर, कुणी तराफ्याची दोरी धरून. शेजारचा कण्हत होता, तो आता का कण्हत नाही, हे विचारायची भीती. ती सगळी रात्र त्यांनी तशी काढली. दुसऱ्या दिवशी 'किरपाण' परत आली, तिच्याबरोबर 'कच्छल' नावाचं जहाज आलं आणि 'कच्छल'नं वाचलेल्यांना वर घेतलं. ६ अधिकारी आणि ६१ नाविक. सदुसष्ट.

आमच्या सासूबाई त्याच वर्षी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आलेल्या. युद्धाचे ते दिवस त्यांना लख्ख आठवतात. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, दिव्यांना टोप्या, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. भोंगा वाजला की स्टोव्ह विझवून जिन्याखाली जायचं. नव्या नवरीला भातही अंधारात उतरवावा लागे, हे त्या आता हसून सांगतात. पण एक गोष्ट त्या हसून सांगत नाहीत. त्यांच्या मजल्यावर एका बाईंचा धाकटा भाऊ 'बोटीवर' होता. नौदलात असला तरी घरात म्हणायचं बोटीवर. कुठल्या बोटीवर, ते त्यानं सांगितलेलं नव्हतं. युद्धात सांगायचं नसतं. जहाज बुडाल्याचं कळलं तेव्हा त्या बाईंना एवढंच माहीत की आपला भाऊ कुठल्या तरी बोटीवर आहे. त्या जेवेनात. चाळीतल्या बायका पाळीपाळीनं त्यांच्या पोरांना जेवायला घालत होत्या. काही दिवसांनी भावाचं पत्र आलं. तो दुसऱ्याच जहाजावर होता, सुखरूप होता. बाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि मग तिथंच बसून रडायला लागल्या. सासूबाईंनी विचारलं, 'अहो, आता कशाला रडता?' तर म्हणाल्या, 'माझ्या भावाचं पत्र आलं. ज्यांचं यायचं नाही, त्या कुठं बसल्या असतील?'

खरंच, त्या कुठं बसल्या असतील?

जहाज समुद्राच्या तळाला गेलेलं. पाहायला काही नाही, अग्नी द्यायला काही नाही. गावाकडं पाठवायला फार तर ट्रंक. सर्वसाधारण कायद्यानं माणूस नाहीसा झाला तर त्याला मृत मानायला सात वर्षं जावी लागतात. युद्धात सरकार तेवढं थांबत नाही, कागद लवकर येतो. पण कागद आला म्हणून मन ऐकतं का? पोहता येत होतं त्याला, कोळ्यांनी उचललं असेल, पलीकडं कैदेत असेल, युद्ध संपलं की सोडतील. आपल्या कोकणात तर असं वाट बघणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. समुद्रावर गेलेल्या माणसाचं 'आला' आणि 'नाही आला' यांच्यामध्ये एक तिसरं काहीतरी असतं आणि ते बाईच्या वाट्याला येतं. कुंकू लावायचं की नाही हे ठरवायला शेजारणी तयारच असतात, तो भाग आणखी निराळा.

परत आलेल्यांचंही फार सोपं होतं असं समजू नका. मरणाच्या दारातून आलेला माणूस घरी येतो, सगळे पेढे वाटतात, आणि तो रात्री दचकून उठतो. आज अशा मनाच्या दुखण्याला नाव आहे, डॉक्टर आहेत. त्या काळी 'नशीब थोर म्हणून वाचलास' एवढं म्हटलं की विषय संपे. वाचलेल्यांना आणि गेलेल्यांच्या घरच्यांना गाठून त्यांच्या हकिगती एकत्र करायला २००६ साल उजाडावं लागलं. ते काम केलं मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी. 'खुकरी'वर इंग्रजीत पुस्तक लिहिणारा हा माणूस नौदलाचा नव्हे, भूदलाच्या गुरखा रेजिमेंटचा, आणि जन्मानं मुंबईकर. त्याच ७१च्या युद्धात बांगलादेशात सुरुंगावर पाय पडला, तेव्हा छिन्नविछिन्न झालेला स्वतःचा पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीनं कापला होता. काय योगायोग म्हणावा!

आता घरातली गोष्ट सांगते. आमच्या वन्संची मुलगी बारावीला आहे. २०२२ सालापासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींनाही घेतात आणि २०२५च्या मे महिन्यात पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या, हे तुम्ही वाचलं असेल. आमच्या भाचीनं ते वाचलं आणि मनावर घेतलं. तिलाही ती परीक्षा द्यायची आहे, आणि त्यातही नौदलच हवं आहे. वन्संनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'तू शिकवतेस, तुझं ती ऐकते. काहीतरी सांग तिला.' काहीतरी म्हणजे काय, ते मला कळलं. मी तिला 'खुकरी'ची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, काही गाळलं नाही. वन्सं शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या.

गोष्ट संपल्यावर आधी वन्संच बोलल्या. 'ते सगळं खरं गं. शूर होता, देवमाणूस होता. पण त्याला बायको होती ना? मुली होत्या ना? जाकीट होतं अंगावर, उडी मारता येत होती. तिनं काय करायचं नंतर? पदक घेऊन बसायचं?'

मी गप्प बसले, कारण हा प्रश्न माझ्याही मनात होता. मोठेपणाच्या गोष्टी सांगताना आपण घरच्या बाईला बाहेर ठेवतो. तिला विचारून कुणी बुडत नाही.

भाची म्हणाली, 'आई, पण खाली अडकले होते त्यांच्याही बायका होत्याच ना?'

मेथी निवडायची थांबली. नंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, मी त्यावर बरेच दिवस विचार केला. कप्तानानं जहाजाबरोबर बुडलंच पाहिजे असा काही कायदा नाही. त्यानं सगळ्यात शेवटी जहाज सोडावं, एवढीच रीत आहे. पण 'खुकरी'वर सगळे बाहेर पडून कप्तान शेवटचा उरला, असं झालंच नाही. खाली माणसं होती आणि ती यायची नव्हती. मग 'शेवटी' म्हणजे कधी? आपण घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर पानावर बसतो. एखादं माणूस उपाशी असलं तर आपला घास उतरत नाही. ही तुलना फार ताणू नये, भात आणि जीव यांत अंतर आहे. पण कप्तान मुल्ला परत ब्रिजवर का गेले, हे मला त्या वाटेनंच थोडंसं कळतं. ते परत आले असते तर त्यांना कुणीही बोल लावला नसता. मुंबईत, पंजाबात, केरळात, उत्तर प्रदेशात कुठं कुठं पत्र गेलेल्या त्या बायकांच्या समोर मात्र त्यांना उभं राहावं लागलं असतं, आणि त्यांच्या पत्नीलाही.

त्यांच्या पत्नी सुधा मुल्ला. एक मुलगी, अमिता मुल्ला वट्टल, पुढं शिक्षिका झाली आणि दिल्लीतल्या एका नामवंत शाळेची मुख्याध्यापिका म्हणून तिनं नाव कमावलं. माझ्यासारख्या मास्तरणीला हे वाचून बरं वाटलं. कप्तानांचं नाव टपाल तिकिटावर आहे. त्या १७६ नाविकांच्या घरांत मात्र काय झालं, कोणी शिवणयंत्र घेतलं, कोणी माहेरी गेली, कोणाची मुलं शिकली, ते त्या त्या गावाला ठाऊक.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ठाऊक करून घेण्यासारखी आहे. ७१च्या युद्धानं विधवा झालेल्या बायकांची संख्या एवढी होती की दुसऱ्याच वर्षी, १९७२ साली, दिल्लीत मोहिनी गिरी यांनी युद्धविधवांची संघटना उभी केली. पेन्शन, घर, मुलांची शाळा, सासरच्यांचे तगादे, सगळंच त्यांना एकेक करून सोडवावं लागलं. आणि नियम कसे होते बघा. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या मागं त्याच्या पत्नीला दरमहा एक भत्ता मिळतो. तिनं पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा. पण दिराशी लग्न केलं तर चालू राहायचा! म्हणजे नवरा देशासाठी गेला, बाईनं मात्र घराण्यातच राहायचं. हा नियम उठला तो २०१७ साली. छापताना चूक झाली असं समजू नका, दोन हजार सतराच. वन्संना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, 'अगो बाई!' आणि मग, 'मग बाईनंच बोटीवर जावं हे बरं.' हे त्या रागानं म्हणाल्या की कसं, ते माझ्या लक्षात आलं नाही. परीक्षेच्या फॉर्मला अजून अवकाश आहे. त्यांनी अद्याप हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

पलीकडच्या बाजूचंही दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. 'हंगोर'चे कप्तान होते अहमद तस्नीम. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवण्याची जगातली ही पहिली वेळ, त्यामुळं त्यांचा तिकडं मोठा गौरव झाला. त्या रात्रीनंतर आपल्या जहाजांनी आणि विमानांनी कित्येक दिवस 'हंगोर'चा पाठलाग केला, पण ती निसटून कराचीला पोचली. आज ती तिथल्या संग्रहालयात आहे. तिकडच्या शाळांच्या सहली तिथं जात असतील, पोरं आत वाकून बघत असतील, आणि त्यांची बाई 'चला, चला' म्हणत असेल. त्याच डिसेंबरमध्ये पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ नव्वदाहून अधिक माणसांसह बुडाली. त्यातलं कुणीही परत गेलं नाही. कराचीतल्या त्या बायकांकडंही ट्रंकाच गेल्या असतील.

आता ते दुसरं जहाज. आपल्या नौदलात चांगली चाल आहे, गेलेल्या जहाजाचं नाव पुढच्या जहाजाला देतात. आपण नाही का आजीचं नाव नातीला ठेवत! मुंबईत माझगाव गोदीत नवी 'खुकरी' बांधली. २३ ऑगस्ट १९८९ला मुंबईतच ती नौदलात दाखल झाली. त्या समारंभाला संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत होते आणि त्यांच्याबरोबर जहाज दाखल करून घेण्याचा मान सुधा मुल्लांना दिला होता. अठरा वर्षांनी त्याच नावाच्या नव्या जहाजावर त्या उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना मी पुष्कळदा करून बघितली, आणि प्रत्येक वेळी सोडून दिली. आपण उंबऱ्यावर उभं राहून 'लवकर या' म्हणतो, तेवढं तरी त्यांना म्हणावंसं वाटलं असेल का?

ती 'खुकरी' बत्तीस वर्षं समुद्रावर होती. २८ कप्तान तिच्यावर होऊन गेले. ६,४४,८९७ सागरी मैल ती फिरली, म्हणजे पृथ्वीला तीसेक प्रदक्षिणा. २३ डिसेंबर २०२१ला विशाखापट्टणमला, दिवस मावळताना, तिच्यावरचा झेंडा उतरवला.